शिष्यवृत्तीचे ऋण

वार्षिक परीक्षांचे निकाल लागले की आमच्या शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी दर वर्षी एक निराळीच रांग लागते. कोणाच्या हाती शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, कोणाच्या हाती दूरच्या एखाद्या विद्यापीठाचे माहितीपत्रक. कोणाला गुणपत्रिकेच्या नकलेवर सही हवी असते, तर कोणाला वर्तणुकीचा दाखला. या मुलामुलींच्या चेहऱ्यांवर आशा असते आणि थोडा संकोचही असतो. आपण कोणापुढे तरी हात पसरीत आहोत, अशी एक चुकीची समजूत त्या संकोचामागे असते. हा संकोच मी ओळखतो. माझे घराणे गोमंतकातले. तेथे १९६२ पूर्वी कला-विज्ञान शाखांचे महाविद्यालय नव्हते, त्यामुळे माझ्या आजोबांच्या पिढीतील ज्याला उच्च शिक्षण हवे असे त्याला बेळगाव किंवा मुंबई गाठावी लागे. घर सोडायचे आणि परक्या गावी कोणाच्या तरी आधाराने शिकायचे, या दोन्ही गोष्टी आमच्या कोकणी घरांत आजही सांगितल्या जातात.

अशा विद्यार्थ्यांच्या अर्जावर सही करताना मला एका विद्यार्थ्याची आठवण होते. त्याला शिष्यवृत्ती दिली ती आपल्या या बडोदे नगरीने, आणि त्याला राहावयास खोली नाकारली तीही याच नगरीने. हा विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेबांचे नाव प्रत्येक मुलास ठाऊक असते. परंतु अर्ज करणारा, मुदतवाढ मागणारा, पैसे संपले म्हणून अर्ध्या वाटेवरून परतणारा आणि पुन्हा निघणारा विद्यार्थी या नात्याने त्यांची ओळख आपणांस फारशी नसते. या लेखात तीच करून द्यावयाची आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळच्या महू या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षकाचे काम करीत. कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य. आई भीमाबाई त्यांच्या बालपणीच निवर्तल्या. रामजींच्या निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्यास राहिले व तेथे भीमरावांचे शालेय शिक्षण सुरू झाले. हे घराणे महार ज्ञातीचे आणि तो काळ अस्पृश्यतेच्या रूढीचा. वर्गात या मुलास इतरांपासून दूर, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरून आणावे व घरी न्यावे लागे. शाळेतल्या नळास हात लावण्याची त्यास मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी मिळे, आणि शिपाई नसला तर तहान तशीच राही. विद्येच्या मंदिरात जाणाऱ्या मुलाची ही पहिली शिकवण होती.

पुढे रामजी मुलांना घेऊन मुंबईस आले. परळमधील एका चाळीतली एक खोली, हेच त्यांचे सारे घर. तीच स्वयंपाकघर, तीच निजण्याची जागा आणि तीच अभ्यासिका. मुलाला शांततेत अभ्यास करता यावा म्हणून बाप रात्री दोन वाजेपर्यंत जागत बसे, मग मुलास उठवी आणि त्याच जागी स्वतः आडवा होई. मुलाने एखादे पुस्तक मागितले आणि पदरी पैसा नसला, तर रामजी विवाहित लेकींच्या घरी जात, त्यांचा एखादा दागिना उसना मागत, तो गहाण टाकून पुस्तक आणीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत करीत. भीमरावांना मिळालेली पहिली शिष्यवृत्ती हीच होय. तिची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या टक्केवारीच्या दृष्टीने हे गुण कोणास सामान्य वाटतील. परंतु ज्या मुलाला संस्कृत शिकावयाचे असूनही ते नाकारले गेले आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली, ज्याच्यासाठी घरात दिव्याखाली बसण्याचीही पाळी ठरलेली होती, त्याचे ते गुण कोणत्या तराजूने तोलावयाचे, याचा विचार आपण करावा. त्यांच्या समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट असल्याने त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली. सत्यशोधक पुढारी सीताराम केशव बोले त्या सभेचे अध्यक्ष होते.

त्या सभेस कृष्णाजी अर्जुन केळुसकर उपस्थित होते. केळुसकर गुरुजी शिक्षक होते आणि ग्रंथकारही होते. चर्नी रोडच्या बागेत वाचन करीत बसण्याचा त्यांचा परिपाठ असे. त्याच बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा नित्य पुस्तकात डोके घालून बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली, ओळख झाली, आणि पुढे त्याला ते पुस्तके देऊ लागले. अभिनंदनाच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्याला भेट दिले. त्या एका पुस्तकाचा धागा कोठवर पोहोचला, हे १९५६ साली नागपूरच्या दीक्षेने जगाने पाहिले.

महाविद्यालयाची पहिली परीक्षा पार पडली आणि रामजींची शक्ती संपली. शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा केळुसकर गुरुजी पुन्हा पुढे झाले. अस्पृश्य समाजातील होतकरू विद्यार्थ्यास साहाय्य करण्याची इच्छा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मुंबईच्या एका सभेत जाहीर केली होती, आणि गुरुजींनी ती लक्षात ठेवली होती. ते भीमरावांना घेऊन महाराजांच्या भेटीस गेले. महाराजांनी त्या तरुणास काही प्रश्न विचारले, त्याची उत्तरे ऐकून त्यांचे समाधान झाले आणि त्यांनी त्याला दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. विद्यार्थ्याची योग्यता, शिक्षकाची स्मरणशक्ती आणि देणाऱ्याची दृष्टी या तीन गोष्टी एका जागी आल्या. तिन्हींपैकी एक जरी उणी पडती, तरी ही कथा तेथेच संपली असती.

सयाजीराव महाराजांविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातल्या शेतकरी कुटुंबातला हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आला. शिक्षणाने माणूस काय होऊ शकतो, हे त्याने स्वतःच्याच आयुष्यात पाहिले होते. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, वसतिगृहे उघडली. ज्या काळात इतर अनेक संस्थानिक शिकारीत मग्न होते, त्या काळात हा राजा ग्रंथालये उभारीत होता. आपल्या नगरीला ज्याचा अभिमान वाटावा असा हा वारसा आहे, आणि तो अभिमान आपण अवश्य बाळगावा. मात्र त्या अभिमानाबरोबर आणखी काय बाळगावे लागते, ते पुढे येईलच.

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजमधून १९१२ ची बी. ए. परीक्षा उत्तीर्ण झाले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. मुलाने बडोद्यास जाऊ नये, तेथे त्याला अपमान सोसावे लागतील, असे रामजींना वाटत होते. परंतु ज्याची शिष्यवृत्ती घेतली त्याची सेवा करणे हे कर्तव्य, असे मानून भीमराव आले. पंधरा दिवस होतात न होतात तोच वडिलांचे दुखणे विकोपाला गेल्याची तार आली. ते तातडीने निघाले. वाटेत सुरत स्थानकावर वडिलांसाठी मिठाई घ्यावयास उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा रामजी मृत्युशय्येवर होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे देहावसान झाले. मुलासाठी रात्री जागणारे डोळे मिटले.

याच सुमारास सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्याचे योजिले. भीमरावांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोद्याच्या विद्याखात्याच्या अधिकाऱ्यासमोर करारपत्रावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड याप्रमाणे तीन वर्षे शिष्यवृत्ती मिळावयाची, ठरलेल्या विषयांचाच अभ्यास करावयाचा आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावयाची, अशा त्यातील मुख्य अटी होत्या. शिष्यवृत्ती म्हणजे केवळ मिळणारा पैसा नव्हे, ती एक बांधिलकी असते, हे अर्जाचे कागद भरणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. सही करण्यापूर्वी अटी वाचाव्या आणि सही केल्यावर त्या विसरू नयेत.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या नगरीत त्यांना पहिला चमत्कार दिसला तो उंच इमारतींचा नव्हे. भोजनाच्या मेजावर कोणीही कोणाही शेजारी बसत होते, ग्रंथालयातील कोणतेही पुस्तक त्यांच्या हाती दिले जात होते आणि पाण्याचा पेला पुढे करणाऱ्याने त्यांची जात विचारली नव्हती. वसतिगृहात त्यांना नवल भाथेना नावाचा पारशी मित्र मिळाला, आणि ती मैत्री जन्मभर टिकली.

या स्वातंत्र्याचा त्यांनी उपभोग घेतला तो अभ्यासाच्या रूपाने. शिष्यवृत्तीतून काटकसर करून ते घरी पैसे पाठवीत, कारण मागे पत्नी रमाबाई आणि मोठे कुटुंब होते. उरलेल्यातून ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तके घेत. तीन वर्षांत त्यांच्याजवळ सुमारे २,००० पुस्तके जमली. अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम त्यांनी घेतले, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र हे विषयही होते. अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन आणि तत्त्वचिंतक जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू. १९१५ मध्ये प्राचीन भारतीय व्यापारावरील प्रबंधास एम. ए. ची पदवी मिळाली. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. ज्या रूढीने त्यांना साताऱ्याच्या वर्गात गोणपाटावर बसविले होते, तिचीच चिकित्सा ते आता जगातील विद्वानांसमोर करीत होते. पंचवीस वर्षांच्या तरुणाचे हे काम आजही अभ्यासिले जाते.

कोलंबियाचे काम होताच त्यांनी लंडनची वाट धरली. मुदतवाढीसाठी त्यांनी महाराजांना विनंती केली आणि ती काही काळापुरती मान्य झाली. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव नोंदविले. परंतु वर्ष पुरे होण्यापूर्वीच शिष्यवृत्तीची मुदत संपल्याचे बडोद्याहून कळले आणि परत येणे भाग पडले. हातात घेतलेले दोन्ही अभ्यास अपुरे राहिले. अशा वेळी सामान्य विद्यार्थी नशिबास बोल लावून सामान बांधतो. भीमरावांनी सामान बांधण्यापूर्वी एक महत्त्वाची गोष्ट केली. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या साहाय्याने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून अशी परवानगी मिळविली की, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास अपुरा अभ्यास पुढे चालू करता यावा. खिशात परतीच्या प्रवासापुरतेही पुरेसे पैसे नसताना त्यांनी परत येण्याचा हक्क मात्र राखून ठेवला.

ते ऑगस्ट १९१७ मध्ये मायदेशी परतले. त्यांचे सामान निराळ्या बोटीने येत होते. पहिल्या महायुद्धाचे ते दिवस. ती बोट पाणतीराच्या माऱ्याने बुडाली आणि पुस्तकांचा मोठा साठा समुद्राच्या तळाशी गेला. सामानाच्या नुकसानभरपाईची जी रक्कम मिळाली, तिच्यातूनच त्यांनी बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागविला.

सप्टेंबर १९१७. आता आपल्या नगरीची पाळी आली.

महाराजांच्या मनात या तरुणास पुढे अर्थखात्याचे मोठे पद द्यावयाचे होते. अनुभवासाठी प्रथम त्यांची नेमणूक लष्करी सचिव म्हणून झाली. त्यांना उतरून घेण्यासाठी स्थानकावर कोणी जावे, अशी आज्ञाही महाराजांनी दिली होती, परंतु कोणी गेले नाही. नगरीत हिंदू खाणावळीत जागा मिळेना. अखेरीस एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव नोंदवून, त्यांनी वरच्या मजल्यावर आसरा घेतला. दिवसाला दीड रुपया भाडे. अडगळीने भरलेले ते दालन, रात्री मिणमिणता दिवा, आणि सोबतीला केवळ पुस्तके. कचेरीतही निराळे नव्हते. शिपाई कागदांचे गठ्ठे त्यांच्या मेजावर दुरूनच टाकीत आणि पिण्यास पाणी मिळत नसे. कोलंबिया विद्यापीठाचा पदवीधर, राज्याच्या खर्चाने शिकून आलेला, राज्याच्याच कचेरीत तहानलेला बसे. साताऱ्याच्या शाळेपासून बडोद्याच्या कचेरीपर्यंत त्यांनी दोन खंड ओलांडले होते, परंतु पाण्याचे ते भांडे होते तेथेच राहिले होते.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघण्याच्या तयारीत असता काठ्या घेतलेला एक जमाव धर्मशाळेत चढून आला. धर्मशाळा बाटविल्याचा आरोप झाला आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याची ताकीद मिळाली. त्यांनी आठवड्याची मुदत मागितली, ती मिळाली नाही. मग ते दोन परिचितांकडे गेले. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. पहिल्याने घरचे नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली. दुसऱ्याने पत्नीच्या संमतीवर गोष्ट ढकलली. कोणीही कठोर शब्द बोलले नाही, आणि कोणीही दार उघडले नाही. महाराजांकडे गाऱ्हाणे गेले, महाराजांनी ते दिवाणांकडे सोपविले आणि दिवाणांनी असमर्थता दर्शविली. ज्या राजाने समुद्रापार पाठविण्याचे सामर्थ्य दाखविले, त्याचे सामर्थ्य स्वतःच्या राजधानीत एका खोलीपुरते पुरले नाही. कायदा राजा करू शकतो, शिष्यवृत्ती राजा देऊ शकतो, परंतु शेजाऱ्याचे मन शेजाऱ्यालाच बदलावे लागते.

मुंबईची गाडी रात्रीची होती. तोपर्यंतचा वेळ कोठे काढावा? तो तरुण कमाटी बागेत जाऊन बसला. आपण ज्या सयाजीबागेत सहलीस जातो, जेथे लहान मुले खेळगाडीत बसतात, तीच ही बाग. एका बागेत पुस्तक वाचीत बसलेल्या मुलाला केळुसकर गुरुजी भेटले होते आणि तेथून शिष्यवृत्तीची वाट सुरू झाली होती. दुसऱ्या बागेत तोच मुलगा, आता सव्वीस वर्षांचा विद्वान, आपले सामान जवळ घेऊन एकटा बसला होता, आणि या वेळी कोणी चौकशीस आले नाही. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात आणि दूरदूरचे लोक तेथे वंदनासाठी येतात. आपल्यापैकी कितीजण गेले आहेत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

शिष्यवृत्तीच्या करारातील दहा वर्षांची सेवा अशा रीतीने थोड्याच दिवसांत संपली. करार पाळला नाही म्हणून रकमेच्या परतफेडीची मागणी मात्र पुढे संस्थानाकडून होत राहिली. करार कोणी मोडला, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

मुंबईस परतल्यावर काही दिवस हलाखीत गेले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. वेतन दरमहा ४५० रुपये. त्या काळी हे वेतन मोठे होते आणि एखाद्याने बंगला घेऊन सुखाने राहावे इतके ते होते. बाबासाहेब मात्र परळच्या चाळीतच राहिले. ठरलेली रक्कम ते रमाबाईंच्या हाती देत आणि उरलेली लंडनसाठी बाजूला ठेवीत. लंडन विद्यापीठाने दिलेली चार वर्षांची मुदत त्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्या मोजक्या पैशांत घर चालविणाऱ्या रमाबाईंचे नाव कोणत्याही पदवीपत्रावर नाही, परंतु त्या पदव्यांत त्यांचा वाटा आहे, हे आपल्या भगिनींनी व त्यांच्या भावांनीही विसरू नये.

१९२० मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. साठविलेल्या पैशांत नवल भाथेना यांच्याकडून घेतलेल्या ५,००० रुपयांच्या कर्जाची आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केलेल्या साहाय्याची भर पडली. मुदत संपण्यापूर्वी ते पुन्हा लंडनमध्ये हजर झाले. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. काठ्या घेऊन आलेला जमाव ज्या समाजाचा होता, त्याच समाजाच्या मित्राने आपली थैली मोकळी केली. कोणत्याही समाजाचे मोजमाप एका प्रसंगाने करू नये, हे बाबासाहेबांच्या चरित्रातच लिहिलेले आहे.

लंडनमधील ते दिवस अर्धपोटी राहून केलेल्या विद्याभ्यासाचे होते. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत शिरावे आणि ते बंद होईतो उठू नये, दुपारच्या जेवणाला फाटा द्यावा, रात्री खोलीवर पुन्हा दिव्याखाली बसावे, असा त्यांचा नेम असे. १९२१ मध्ये त्यांना एम. एस्‌सी. पदवी मिळाली. जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदविले होते, परंतु लंडनचे काम पुरे करण्यासाठी तो बेत सोडावा लागला. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी डी. एस्‌सी. पदवीसाठी सादर केला. परीक्षकांना ब्रिटिश सरकारच्या चलननीतीवरील टीका रुचली नाही आणि प्रबंधाची पुनर्मांडणी करण्यास सांगण्यात आले. तोवर पैसे पुन्हा संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, येथून प्रबंध सुधारून पाठविला आणि त्याच वर्षी पदवी मिळविली. निष्कर्ष मात्र त्यांनी बदलले नाहीत. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कोलंबियाची पीएच. डी. १९२७ मध्ये रीतसर हाती आली. १९१३ मध्ये सही केलेल्या एका करारपत्रापासून सुरू झालेला हा विद्यार्थिदशेचा प्रवास चौदा वर्षांनी पुरा झाला.

यापुढचे बाबासाहेब आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो. १९२७ चा महाडचा सत्याग्रह पाण्यासाठी झाला, हे साताऱ्याचा नळ आणि बडोद्याची कचेरी ज्यांनी वाचली त्यांना निराळे समजावून सांगावे लागत नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मला सांगावयाचे आहे ते त्यांनी शिष्यवृत्तीचे ऋण कसे फेडले, ते.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. त्यांच्याकडे मजूर खाते होते. तरीही त्यांनी आग्रह धरला तो अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने स्वतंत्र तरतूद करावी याचा. त्यातून १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, आणि काही विद्यार्थी परदेशीही पाठविले गेले. स्वतःला मिळालेली शिष्यवृत्ती एका उदार राजाच्या मनावर अवलंबून होती. केळुसकर गुरुजींना ती सभा आठवली नसती, महाराज त्या दिवशी भेटले नसते, तर सारेच संपले असते. जे त्यांना एका भल्या माणसाच्या कृपेने मिळाले, ते पुढच्या मुलांना नियमाने मिळावे, अशी व्यवस्था त्यांनी केली. कृपा आणि हक्क यांतील हे अंतर त्यांनी कमाटी बागेत बसून शिकले असेल, असे मला पुष्कळदा वाटते. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय काढले. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली, आणि ४६ व्या कलमाने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हितसंवर्धनाची जबाबदारी राज्यावर आली. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या जुन्या विद्यार्थ्यास सन्मान्य पदवी देऊन गौरविले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

बडोदे संस्थानाला दहा वर्षांची सेवा मिळाली नाही, हे खरे. परंतु दरमहा साडेअकरा पौंडांच्या बदल्यात साऱ्या देशाला जे मिळाले, त्याचा हिशेब कोणत्या दिवाणाच्या वहीत मांडावयाचा? सयाजीरावांनी लावलेले रोप त्यांच्या अंगणात वाढले नाही, पण त्याची सावली त्यांच्या राज्याच्या सीमेपलीकडे पोहोचली.

विद्यार्थी मित्रांनो, या वर्षीही तुमच्यापैकी कित्येकजण दूरच्या विद्यापीठांकडे अर्ज पाठवितील. काहींना यश येईल, काहींचे अर्ज परत येतील. ज्यांचे परत येतील त्यांनी अर्ध्या अभ्यासावरून लंडनहून परतलेला तो तरुण आठवावा आणि परत जाण्याची परवानगी मागून ठेवावी. ज्यांना यश येईल त्यांनी संकोच सोडावा, कारण गुणांवर मिळालेली शिष्यवृत्ती ही भीक नव्हे. मात्र तिचे ऋण असते, आणि ते आपल्यामागून येणाऱ्या मुलाच्या हाती फेडावयाचे असते.

पालकांनाही एक विनंती आहे. आपली मुले जशी परगावी शिकावयास जातात, तशीच परगावची मुले आपल्या या विद्यापीठनगरीत येतात. ती आपल्या गल्लीत खोली शोधीत फिरतात. त्यांचे आडनाव काय, ती खातात काय, कोणत्या गावची, कोणत्या भाषेची, असे प्रश्न दाराशीच विचारले जातात. त्या वेळी आपण दाराच्या कोणत्या बाजूस उभे आहोत, याचे भान असावे. शिष्यवृत्ती सरकार देईल, प्रवेश विद्यापीठ देईल. खोली मात्र आपणच द्यावयाची असते.